ओव्हरसियरच्या वर्गापासून तंत्रज्ञान विद्यापीठापर्यंत : पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाटचाल

१. विषयाची मांडणी

अभियांत्रिकीच्या अनेक शाखा गणित आणि भौतिकी यांच्या समान पायावर एकाच आवारात शिकवणारी, स्वतःच्या नावाने पदवी देणारी आणि शासनाच्या पालकत्वाखाली चालणारी संस्था म्हणजे सार्वजनिक तंत्रज्ञान विद्यापीठ होय. युरोपात अशा संस्थांना पॉलिटेक्निक म्हणतात. महाराष्ट्रात मात्र ते नाव पदविका देणाऱ्या तंत्रनिकेतनांकडे गेले असल्याने प्रस्तुत विवेचनात तंत्रज्ञान विद्यापीठ हीच संज्ञा वापरली आहे. पुण्यात जुलै १८५४ मध्ये सरकारी बांधकामांवरील दुय्यम नोकर तयार करण्यासाठी एक लहानसा वर्ग सुरू झाला, आणि १६८ वर्षांनंतर, २३ जून २०२२ रोजी, त्याच वर्गाच्या थेट वारशातून सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. या दोन तारखांमधील वाढ कोणत्या गरजांतून झाली, तिच्या प्रत्येक टप्प्यावर संस्थेच्या हाती काय आले व हातून काय सुटले, आणि त्या इतिहासावरून आजच्या विद्यापीठाची कसोटी कोणती ठरते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

या इतिहासाचे एक वैशिष्ट्य आरंभीच नोंदवणे आवश्यक आहे. पॅरिसची इकोल पॉलिटेक्निक १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या काळात स्थापन झाली तेव्हा तिच्या अभ्यासक्रमाचा गाभा उच्च गणित हा होता, आणि तेथून विद्यार्थी पुढे पूल, खाणी, तोफखाना अशा विशिष्ट कामांच्या शाळांत जात असत. झुरिचची स्विस संघीय पॉलिटेक्निक १८५५ मध्ये उघडली तीही विद्यापीठाच्या बरोबरीची उच्च शिक्षणसंस्था म्हणूनच. या संस्थांचा प्रवास शास्त्राकडून कामाकडे झाला. पुण्याच्या संस्थेचा प्रवास नेमका उलट, म्हणजे कामाकडून शास्त्राकडे झाला; ती शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर जन्मली आणि एकेक पायरी चढत गेली. प्रत्येक पायरी चढण्याचे कारण सार्वजनिक कामाच्या वाढत्या गरजेत सापडते, आणि या संस्थेच्या स्वभावाचे मूळ याच गोष्टीत आहे.

२. पूर्वपीठिका

मुंबई इलाख्यात अभियांत्रिकी शिक्षणाचे प्रयत्न १८५४ पूर्वीही झाले होते. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत गणित व शिल्प शिकवणारी शाळा चालवली. तेथील शिक्षण देशी भाषांत होते आणि त्यासाठी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्याने गणिताची इंग्रजी पुस्तके मराठीत आणली गेली. आधुनिक गणिताची मराठी परिभाषा घडवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत या कामाचे स्थान मोठे असले तरी १८३० च्या दशकाच्या आरंभी ती शाळा बंद पडली, आणि पुढे १८४० च्या दशकात एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये निघालेला अभियांत्रिकीचा वर्गही टिकला नाही. रस्ते, इमारती आणि पाटबंधारे यांची कामे तोवर लष्करी मंडळाच्या आधीन असल्यामुळे नागरी अभियंत्यांना नेमाने सामावून घेणारे स्वतंत्र खाते उभे राहिले नव्हते, ही गोष्ट या दोन्ही प्रयत्नांचा विचार करताना लक्षात ठेवावी लागते.

१८५० च्या दशकात हे चित्र पालटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली, आणि लोहमार्ग पुढे न्यायचा तर बोरघाट फोडणे भाग होते. उत्तरेत १८५४ मध्ये गंगेच्या कालव्यात पाणी सोडण्यात आले. त्याच कालव्याच्या कामासाठी माणसे तयार करण्याच्या हेतूने रुरकी येथे १८४७ मध्ये महाविद्यालय स्थापन झाले होते. लॉर्ड डलहौसी यांनी लष्करी मंडळ मोडून स्वतंत्र सार्वजनिक बांधकाम खाते उभारले, आणि जुलै १८५४ मध्येच चार्ल्स वुड यांच्या शिक्षणविषयक खलित्याने विद्यापीठांची व उपयुक्त शिक्षणाची दिशा ठरवली. घाट फोडणारी रेल्वे, पाणी खेळवणारा कालवा आणि या साऱ्याचा हिशेब ठेवणारे खाते असा तिहेरी तगादा एकाच वेळी लागला, तेव्हा कुठे अभियांत्रिकीच्या शाळेला टिकून राहण्याजोगे कारण मिळाले.

३. भवानी पेठेतील वर्ग

पुण्यातील संस्थेचे पहिले नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ असे होते आणि ती भवानी पेठेतील तीन लहान घरांत भरत असे. इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग आणि पूल या कामांवर देखरेख करणारे दुय्यम अधिकारी तयार करणे एवढाच तिचा जाहीर उद्देश होता. त्या काळच्या रचनेत आराखडा करणारा आणि निर्णय घेणारा अभियंता सामान्यतः युरोपीय असे, आणि ते काम प्रत्यक्ष जागेवर करवून घेणारा ओव्हरसियर किंवा सब-ओव्हरसियर हा हिंदी माणूस असे.

या दुय्यम कामाचे स्वरूप जवळून पाहिल्यास त्यातील शिक्षणाची खोली ध्यानात येते. ओव्हरसियरला नकाशा वाचता यावा लागे, साखळी आणि लेव्हल घेऊन जमिनीचा चढउतार मोजता यावा लागे, चुन्याच्या घाणीत वाळूचे प्रमाण किती, दगडी बांधकामातले सांधे कसे मोडायचे, पायाची खोदाई मुरमापर्यंत गेली की खडकापर्यंत, हे नजरेने व हाताने ओळखावे लागे. याखेरीज झालेल्या कामाची लांबी, रुंदी आणि उंची मोजमाप वहीत नोंदवून त्यावरून ठेकेदाराचे देणे ठरवावे लागे. सरकारी पैसा कामात उतरला की वाटेत जिरला, हे याच वहीवरून कळत असे. म्हणजे या माणसाच्या शिक्षणात भूमिती होती, पदार्थांचे ज्ञान होते, आणि लोकांच्या पैशाबाबतची प्रामाणिकताही होती. पुढे या संस्थेतून निघालेल्या मोठ्या अभियंत्यांच्या कामात मोजणीचा काटेकोरपणा आणि सरकारी पैशाची चाड हे दोन गुण एकत्र दिसतात. त्यांची बीजे या पहिल्या अभ्यासक्रमातच होती.

४. शाळेचे महाविद्यालय होते

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६६ मध्ये पुण्याची संस्था त्या विद्यापीठाशी संलग्न झाली. संलग्नता म्हणजे शिकवणे महाविद्यालयाचे, तर अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी विद्यापीठाची, अशी व्यवस्था. तिच्यामुळे येथील विद्यार्थ्यांना एल.सी.ई., म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग, ही विद्यापीठाची अर्हता मिळू लागली आणि संस्थेला पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज असे नाव आले. ५ ऑगस्ट १८६५ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मुळा-मुठेच्या संगमाजवळ नव्या इमारतीची कोनशिला बसली. या इमारतीसाठी मुंबईचे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी देणगी दिली होती, हे विसरता कामा नये. कारण सरकारी संस्थेच्या उभारणीत खासगी दातृत्वाचा वाटा आरंभापासून होता, आणि त्या दातृत्वाने संस्थेचे सार्वजनिक स्वरूप बदलले नाही.

१८६० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे सुमारे पाव शतक थिओडोर कुक हे या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. रेल्वेवर काम केलेला हा आयरिश अभियंता वनस्पतिशास्त्राचाही अभ्यासक होता, आणि त्याच्या या दुहेरी व्यासंगाची छाप संस्थेच्या पुढील रूपावर पडली.

तथापि अर्हता मिळाली म्हणून अधिकार मिळाला असे झाले नाही. १८७१ मध्ये इंग्लंडात कूपर्स हिल येथे रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज उघडण्यात आले आणि हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यातील वरिष्ठ जागा मुख्यतः तेथून भरल्या जाऊ लागल्या. ते महाविद्यालय १९०६ मध्ये बंद होईपर्यंत हीच रीत चालू राहिली. पुण्यात परीक्षेत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी खात्यात नेमणुकीची हमी असे, पण इतरांची मजल बहुधा दुय्यम जागांपर्यंतच जाई. परकीय राज्याने संस्था काढली ती स्वतःच्या सोयीसाठी, आणि ज्ञानाची दारे उघडली तरी अधिकाराची दारे निम्मीच उघडली, हे या टप्प्याचे खरे वर्णन आहे. पण एकदा मिळालेले शास्त्र दुय्यमपणाच्या चौकटीत कोंडून राहत नाही, हेही याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी लवकरच दाखवून दिले.

५. कॉलेज ऑफ सायन्स

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनला भीषण दुष्काळाने ग्रासले. त्यानंतर लगेच, १८७९ च्या सुमारास, या महाविद्यालयात शेतीचा वर्ग सुरू झाला. वनखात्यासाठीही वर्ग निघाले, आणि व्याप वाढल्यामुळे संस्थेचे नाव कॉलेज ऑफ सायन्स असे ठेवण्यात आले. एकाच आवारात बांधकाम, यंत्रशाळा, शेती, वनविद्या आणि वनस्पतिशास्त्र नांदू लागले. अनेक विद्यांचे एकत्र शिक्षण या अर्थाने पाहता, पुण्याची संस्था पॉलिटेक्निकच्या कल्पनेजवळ प्रथम पोहोचली ती याच काळात.

या एकत्र नांदण्याचे फळ केवळ कागदावर राहिले नाही. जी. मार्शल वुड्रो हे येथे वनस्पतिशास्त्र शिकवत आणि गणेशखिंडच्या वनस्पतिउद्यानाशी त्यांचा निकटचा संबंध होता. कुक यांनी निवृत्तीनंतर १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि सह्याद्रीतील झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्यांना तो आजही हाताशी ठेवावा लागतो. शेतीची शाखा पुढे एवढी वाढली की १९०७ च्या सुमारास तिचे स्वतंत्र कृषी महाविद्यालय झाले. त्याचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाच्या जमिनीचा, कर्जाचा आणि श्रमाचा केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो भारतातील ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या आरंभीच्या पाहण्यांपैकी एक मानला जातो. पुण्याचे कृषी महाविद्यालय हे अशा रीतीने याच वृक्षाची स्वतंत्र रुजलेली फांदी आहे. मात्र ती वेगळी झाल्यावर बांधकामाचा अभियंता आणि शेतीचा शास्त्रज्ञ एका आवारात राहिले नाहीत, आणि ज्या प्रदेशात पाटबंधारे हा शेतीचाच प्रश्न आहे त्या प्रदेशाचे यात नुकसान झाले, असे म्हणणे भाग आहे.

या कॉलेज ऑफ सायन्सचा सर्वांत कीर्तिमान विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाल्यावर म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यात आले, १८८३ मध्ये एल.सी.ई. परीक्षेत पहिले आले, त्यांना जेम्स बर्कले पारितोषिक मिळाले, आणि वर सांगितलेल्या हमीमुळे १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची थेट नेमणूक झाली. हे पारितोषिक ज्यांच्या नावे होते ते बर्कले ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते; रेल्वेच्या गरजेतून जन्मलेल्या शिक्षणाने रेल्वेच्याच अभियंत्याच्या नावाचे पारितोषिक एका हिंदी विद्यार्थ्याच्या हाती दिले, हा त्या शिक्षणाचा मोठाच विजय होता.

विश्वेश्वरय्यांच्या कामातील दोन गोष्टी येथे थोड्या विस्ताराने पाहणे उचित होईल, कारण या संस्थेने काय घडवले हे त्यांतून स्पष्ट होते. पहिली गोष्ट खडकवासल्याची. पुण्याला व लष्कराला पाणी देणाऱ्या या धरणाच्या सांडव्यावरून पुराचे पाणी दर पावसाळ्यात वाहून जाई. सांडवा कायमचा उंच केला असता तर जास्तीचे पाणी साठले असते, पण मोठ्या पुरात धरणावर धोकादायक ताण आला असता. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत असताना हे दरवाजे बंद राहून पाणी अडवत, पातळी त्याहून चढली की पाण्याच्याच जोरावर आपोआप उघडत, आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. त्यासाठी रात्री-अपरात्री धरणावर माणूस धावण्याची गरज उरली नाही. धरणाच्या भिंतीला हात न लावता तिची साठवण वाढवणारी ही युक्ती म्हणजे उपलब्ध साधनांतून सार्वजनिक लाभ वाढवण्याचा उत्तम नमुना होय.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वाटपाची. दख्खनच्या कालव्यांवर ज्याची जमीन पाटाच्या तोंडाशी तो मनसोक्त ऊस पिकवी आणि शेपटाकडचा शेतकरी कोरडा राही. यावर विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्याच्या संदर्भात ब्लॉक पद्धती सुचवली. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडायचे, प्रत्येक गटातील ठरावीक भागालाच उसासारख्या बारमाही पिकाचे पाणी द्यायचे, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची, आणि पिकांची फेरपालट करायची, असे या पद्धतीचे स्वरूप होते. आरंभी शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, तेव्हा त्यांच्याशी बोलून त्यांना ती पटवून द्यावी लागली. ज्या खानदेशात विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या पहिल्याच काळात धुळ्याजवळ पांझरा नदीवर वक्रनलिकेचे काम केले, त्या मुलखात बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून प्रत्येक फडात एकेक पीक घेण्याची आणि पाटकऱ्याकरवी पाणी वाटण्याची फड पद्धती कित्येक पिढ्या चालत आलेली होती. गट पाडून पीक आणि पाणी यांची सांगड घालण्याचे हे साम्य लक्षणीय आहे. महाविद्यालयात शिकलेले जलशास्त्र आणि शेतकऱ्यांनी अनुभवाने घडवलेली व्यवस्था यांची गाठ जेथे पडते तेथे अभियांत्रिकी लोकोपयोगी होते, हा या उदाहरणाचा बोध आहे.

६. शाखाविस्तार आणि स्वातंत्र्योत्तर काळ

कृषी शाखा वेगळी झाल्यावर १९११ मध्ये संस्थेला कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना हे नाव मिळाले आणि एल.सी.ई. ची जागा बी.ई. या पदवीने घेतली. स्थापत्याच्या जोडीला यांत्रिकी, नंतर विद्युत, आणि स्वातंत्र्याच्या आसपास धातुशास्त्र व दूरसंचार या शाखा आल्या. या क्रमामागे देशाच्या उद्योगधंद्यांचा क्रम आहे : आधी रस्ते व पाणी, मग यंत्रे, मग वीज, मग पोलाद, आणि त्यानंतर संदेशवहन. विद्यार्थिजीवनही याच काळात आकाराला आले. १९२८ मध्ये बोट क्लब स्थापन झाला आणि मुठेच्या पात्रात विद्यार्थी करत असलेल्या नौकांच्या कसरतींचा रेगाटा हा पुणेकरांचा वार्षिक सोहळा बनला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाल्यावर महाविद्यालयाची संलग्नता मुंबईकडून पुण्याकडे आली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत या महाविद्यालयाने केवढी माणसे दिली हे थोड्या नावांवरूनही कळते. बारामतीत जन्मलेले चंद्रकुमार पटेल १९५८ मध्ये येथून दूरसंचार शाखेची पदवी घेऊन अमेरिकेला गेले आणि १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढला. पोलादाचा पत्रा कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत त्याचा उपयोग होतो. त्यांच्या दोन वर्षे आधी याच शाखेतून पदवी घेतलेले पुण्याचे थॉमस कैलथ पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात संदेश आणि नियंत्रणशास्त्राचे थोर आचार्य झाले. १९५५ मध्ये स्थापत्य शाखेतून बाहेर पडलेले माधवराव चितळे यांनी मात्र आयुष्यभर देशाच्या पाण्याचेच काम केले. ते केंद्रीय जलसंपदा मंत्रालयाचे सचिव झाले, १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला, आणि महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचे अध्यक्ष म्हणून १९९९ मध्ये त्यांनी राज्याच्या पाण्याचा खोरेनिहाय लेखाजोखा मांडला. १९६७ मध्ये लीला पूनावाला या महाविद्यालयाच्या पहिल्या महिला यांत्रिकी अभियंता झाल्या. ज्या संस्थेला शतकाहून अधिक काळ लोटला होता तिला पहिली महिला यांत्रिकी अभियंता मिळायला एवढा अवधी लागावा, ही गोष्ट गौरवाइतकीच खेदाचीही मानावी लागते.

पटेल आणि कैलथ यांच्या परदेशगमनाकडे केवळ तक्रारीच्या सुरात पाहणे योग्य ठरणार नाही. त्या काळी या महाविद्यालयात पदवीचे शिक्षण उत्तम होते, पण मूलभूत संशोधन करू पाहणाऱ्या तरुणाला लागणारी प्रयोगशाळा, सहकारी आणि मोकळीक येथे नव्हती. अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाच्या हाती, नेमणुका आणि बदल्या शासनाच्या हाती, आणि खरेदीचे निर्णय मंत्रालयातील फायलींच्या हाती, अशा स्थितीत महाविद्यालयाकडे शिकवण्याखेरीज फारसे स्वातंत्र्य उरत नसे. दुय्यम नोकरांची शाळा म्हणून जन्मलेल्या या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी दुय्यमपणा केव्हाच झुगारला होता. संस्था मात्र कारभाराच्या दृष्टीने दुय्यमच राहिली होती.

७. स्वायत्तता आणि विद्यापीठपद

२३ जून २००३ रोजी महाराष्ट्र शासनाने या महाविद्यालयाला स्वायत्तता दिली. तंत्रशिक्षणाची गुणवत्ता सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या साह्याने तेव्हा देशभर एक कार्यक्रम हाती घेतला गेला होता आणि संस्थांना स्वतःचा कारभार करू देणे हा त्याचा महत्त्वाचा भाग होता. स्वायत्तता म्हणजे संस्था सरकारीच राहते, पण अभ्यासक्रम, परीक्षा, आर्थिक व्यवहार आणि विकासाचे नियोजन यांचे निर्णय तिचे नियामक मंडळ घेते. या मंडळाचे अध्यक्षपद भारतीय संगणक उद्योगाचे प्रवर्तक फकीरचंद कोहली यांनी भूषवले, आणि २००६ पासून संचालक म्हणून अनिल सहस्रबुद्धे यांनी संस्थेची धुरा सांभाळली. पुढे ते अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे अध्यक्ष झाले.

या मोकळिकीचा परिणाम दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘स्वयम्’ हा उपग्रह. विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी अनेक वर्षे खपून तयार केलेला, दहा सेंटिमीटर बाजूचा आणि सुमारे एक किलो वजनाचा हा घन २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी ३४ या प्रक्षेपकाने अवकाशात नेला. उपग्रहाचा अँटेना पृथ्वीच्या दृष्टीने योग्य दिशेला ठेवण्यासाठी सहसा फिरती चाके किंवा वायूचे झोत वापरतात आणि त्यासाठी वीज वा इंधन खर्ची पडते. या विद्यार्थ्यांनी उपग्रहात कायमचुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी उत्तरेकडे वळते तसा तो चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत उपग्रहाला वळवतो, आणि चुंबकीय पदार्थाच्या बारीक कांड्या त्याचे डोलणे हळूहळू शमवतात. विजेविना, इंधनाविना, केवळ निसर्गनियमाच्या आधारे दिशा राखणारी ही रचना पाहिली म्हणजे खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांची आठवण होते. या दोहोंत ११३ वर्षांचे अंतर आहे, आणि तरी कमीत कमी साधनांत नेमके काम साधण्याची बुद्धी एकच आहे.

२०२२ मध्ये विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून या महाविद्यालयाला एकल विद्यापीठाचा दर्जा दिला. ज्याच्याशी इतर महाविद्यालये संलग्न नसतात आणि जे आपल्याच आवारात शिकवून पदवी देते ते एकल विद्यापीठ. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ मध्ये अशाच स्वरूपात स्थापन झाले होते, परंतु पुढे राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देण्याचे काम त्याच्याकडे आले. परीक्षा आणि संलग्नता यांचा असा भार एकदा पडला की विद्यापीठाची शक्ती व्यवस्थापनातच खर्च होते. म्हणून पुण्याच्या विद्यापीठाचे एकलपण जपणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

८. समारोप : कसोटी कोणती?

या इतिहासाचा निष्कर्ष दोन भागांत सांगता येतो. पहिला भाग असा की या संस्थेची प्रत्येक मोठी वाढ सार्वजनिक गरजेतून झाली. रेल्वे व कालवे यांनी तिला जन्म दिला, दुष्काळाने तिच्यात शेतीचा वर्ग आणला, देशाच्या औद्योगिक उभारणीने तिच्या शाखा वाढवल्या. दुसरा भाग असा की तिचे गुण त्या त्या काळी पूर्णपणे फुलले नाहीत याचे कारण बहुधा स्वातंत्र्याचा अभाव हे होते. आज ते स्वातंत्र्य कायद्याने मिळाले आहे. त्यामुळे यापुढे उणीव राहिल्यास तिचा दोष परक्या राज्यावर, दूरच्या विद्यापीठावर किंवा मंत्रालयातील फायलींवर टाकता येणार नाही.

पण स्वातंत्र्याबरोबर एक धोकाही येतो. स्वायत्ततेचा अर्थ शासनाने हात आखडता घेणे असा झाला तर संस्थेला आपला खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवावा लागेल, आणि ज्या वर्गात एकेकाळी शिष्यवृत्तीवर आलेला विद्यार्थी पहिला आला त्या वर्गाची दारे गरिबाघरच्या मुलामुलींना बंद होतील. सार्वजनिक विद्यापीठ सार्वजनिक राहते ते त्याच्या पाटीमुळे नव्हे, तर त्यात कोणाला प्रवेश मिळतो आणि त्याच्या ज्ञानाचा उपयोग कोणाला होतो यामुळे. म्हणून शासनाने स्वातंत्र्य द्यावे आणि अनुदानही द्यावे. या दोहोंत निवड करायला लावू नये.

विद्यापीठाकडूनही एक अपेक्षा आहे. महाराष्ट्रातील मोठा भूभाग आजही अवर्षणप्रवण आहे, कालव्यांच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याची तक्रार विश्वेश्वरय्यांच्या काळी होती तशीच आजही ऐकू येते, आणि ज्या मुठेच्या पात्रात या संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी होड्या वल्हवल्या तिचे पाणी शहराच्या सांडपाण्याने नासले आहे. संगणकाच्या व इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखांकडे विद्यार्थ्यांचा ओढा असणे स्वाभाविक आहे, आणि त्या शाखांत विद्यापीठाने आघाडीवर असलेच पाहिजे. परंतु पाणी, माती, रस्ते आणि नद्या यांचे शास्त्र मागे पडू देणे या संस्थेला शोभणारे नाही. कृषी महाविद्यालय याच शहरात, फार दूर नाही. १९०७ च्या सुमारास वेगळ्या झालेल्या दोन विद्यांनी पाण्याच्या प्रश्नावर पुन्हा एकत्र बसावे, नदीच्या शुद्धीकरणाचे काम विद्यापीठाने प्रयोगशाळेचा विषय म्हणून हाती घ्यावे, आणि त्यातून निघालेले ज्ञान शेतकऱ्याला व नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याला वापरता येईल अशा मराठीत उपलब्ध करावे. लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या आणि लोकांच्या कामासाठीच जन्मलेल्या या संस्थेचा मोठेपणा यापुढे तिला मिळणाऱ्या क्रमांकांवरून नव्हे, तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात तिच्यामुळे काय सुधारले यावरून ठरवला गेला पाहिजे.